बजेट येतंय, महापालिकेनं नेमकं काय करावं आणि काय करू नये?

साखरपेठकर
मंडळी, मार्च २०२२ पासून आपल्याकडे सोलापुरात नगरसेवक नव्हते, सगळा कारभार प्रशासकांकडे होता. आता जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत १०२ जण निवडून आलेत आणि बजेटचा विषय निघाला की जो तो आपल्या प्रभागात काय काय आणणार त्याची यादी सांगतोय. कमान, ओपन जिम, सेल्फी पॉइंट, बाकडी. मला राहवलं नाही म्हणून धागा काढतोय.

आधीच सांगतो, माझं म्हणणं असं की महापालिकेनं कामं कमी करावीत आणि जी करायची ती पुरी करावीत.

मी वकील नाही, पेठेतल्या पाच-सात दुकानांचे हिशेब लिहितो. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ कुणालाही वाचता येतो. त्यात कलम ६३ आहे, ती बंधनकारक कामं. पाणी, ड्रेनेज, रस्ते झाडणं, दिवे, अग्निशमन, दवाखाने, प्राथमिक शाळा. आणि कलम ६६ आहे, ती ऐच्छिक. बागा, नाट्यगृह, पोहण्याचे तलाव, प्रदर्शनं, बससुद्धा. म्हणजे आधी काय आणि नंतर काय हे कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच लावून दिलंय. आपण ते उलटं करून ठेवलं.

पाणी यायच्या दिवशी आमच्या गल्लीत पहाटे चारला मोटारींचा आवाज सुरू होतो. आई आधी पाइप हातात धरून रंग बघते, पहिलं गढूळ आलं की ते बादल्यांत, भांड्या-धुण्याला. मग पिंप, मग टाकी, मग स्टीलचे डबे, शेवटी कुकर आणि पातेली पण भरून झाकून ठेवते कारण पुढचं पाणी चार दिवसांनी की पाच हे सांगता येत नाही. आता हिशेब करा, घराघरात सिंटेक्सची टाकी, मोटार, तिचं वीजबिल, फिल्टर, पाहुणे आले की जार. हे सगळे पैसे आपण पाण्यासाठीच देतो, घरपट्टी पाणीपट्टी भरून वरनं देतो. हा पण करच झाला, फक्त त्याची पावती कुणी फाडत नाही.

आणि त्याच गल्लीत मागच्या वर्षी चांगले पेव्हर ब्लॉक उपसून नवीन पेव्हर ब्लॉक बसवले. जुन्यातला एक मी उचलून बघितला, कडा शाबूत, कुठं तडा नाही. निधी कुणाचा, मक्तेदार कोण, बोर्ड नाही. कामावरच्या पोराला विचारलं तर म्हणाला मार्च एन्ड आहे ओ, पैसा परत जातो. तेव्हापासून हे डोक्यात घुसलंय. पैसा परत जातो म्हणजे तो आपला नाही असंच सगळ्यांना वाटतंय.

टॉवेलवाला
बरोबर बोललाव मालक. आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत विचारा कुणालाबी. कारखाना चालवायला पाणी पायजे, लाईट पायजे, ट्रक आत यील असा रस्ता पायजे. बाकी काय नको आमाला. सत्कार बी नको.

पण एक सांगतो, तुमी तरणे हाव, जकात बघितली नसेल. सुताचा ट्रक नाक्यावर आला की उभा. कारकून बिलाकडं बघणार, मालाकडं बघणार, परत बिलाकडं बघणार. आमचे वडील रात्री अकराला नाक्यावर बसून राहिलेले मला आठवतंय, गाठोड्यात लोखंडी सळई घालून बघायचे आत दुसरं काय हाय का म्हणून. सूत खराब झालं तर कोण देणार. जकात गेली, एलबीटी म्हंजे लोकल बॉडी टॅक्स आला, मग रजिस्टरं भरा. १ ऑगस्ट २०१५ ला पन्नास कोटीच्या आतल्या उलाढालीचा एलबीटी माफ झाला तवा आमच्या लाइनीत लोकांनी पेढे वाटलेत. त्यामुळं शहराला स्वतःचा कर पायजे असं कुणी म्हणलं की माझ्या पोटात गोळा येतो.

निवृत्त_लेखनिक
टॉवेलवाले मालक, जकातीचं तुमचं खरं आहे. मी एका नगरपालिकेत लेखा विभागात नोकरी केली, कुठली ते सांगत नाही. जकात वाईटच होती, वसुलीत गळती होती, गाड्या अडायच्या. पण तिच्या जागी काय आलं तेही बघा. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला आणि महापालिकांना राज्याकडून नुकसानभरपाई सुरू झाली. २०१६-१७ हे वर्ष पायाला धरलं आणि दरवर्षी त्यात ८ टक्के चक्रवाढ. म्हणजे तेव्हा शंभर रुपये धरले तर नऊ वर्षांनी जवळजवळ दोनशे. रक्कम काही वाईट नाही. अनेक महापालिकांचे पगार त्याच्यावर निघतात.

साखरपेठकर
काका, तुमच्या आकड्यातच माझा मुद्दा आहे बघा. आठ टक्के ठरलेले. सोलापुरात शंभर नवीन कारखाने आले तरी आठ टक्के आणि आहेत ते बंद पडून पोरं पुण्याला गेली तरी आठ टक्के. म्हणजे शहरातला धंदा वाढला काय आणि बुडाला काय, महापालिकेच्या या जमेत फरकच पडत नाही. मग कारखान्याच्या दारातला रस्ता नीट करावा असं वाटायचं कुणाला? दुकानाचा मालक गिऱ्हाइकाला बसायला स्टूल देतो कारण गिऱ्हाईक गेलं की गल्ला कमी होतो. इथं गल्ला मुंबईहून भरून येतो, दर महिन्याला.

जकात परत आणा असं मी म्हणत नाही, देव करो आणि ती कधी न येवो. माझं म्हणणं घरपट्टीबद्दल आहे. घरपट्टी सगळ्यांना खुपते म्हणूनच ती चांगली. वर्षातनं एकदा कागद घरात येतो, आकडा दिसतो, माणूस चिडतो आणि विचारतो की याच्या बदल्यात काय मिळालं. वीजबिलात घरगुती वापरावर राज्याचं विद्युत शुल्क १६ टक्के असतं, किती जणांनी ती ओळ वाचलीय? घर घेताना मुद्रांक शुल्कात एक टक्का महापालिकेचा अधिभार असतो, तो देताना कोण विचारतंय की हा कशाचा? न दिसणारा कर माणूस निमूट देतो. न दिसणारा पैसा खर्च करणारा पण निमूट करतो.

शेळगी_९२
माझं नाव बघून कळलं असेल. १९९२ ला हद्दवाढ झाली तेव्हा मी सहावीत होतो, ग्रामपंचायत गेली आणि आम्ही रात्रीत शहरवाले झालो. ३३ चौरस किलोमीटरचं शहर १७८ च्या पुढं गेलं. बाळे, केगाव, सोरेगाव, कुमठे, देगाव, मजरेवाडी सगळे आत. पाचपट शहर केलं पण पाचपट पाइप कुठनं आणणार होते याचा हिशेब तेव्हा कुणी मांडला होता का हे मला आजपर्यंत कळलं नाही.

साखरपेठकर म्हणतात कामं कमी करा, ते गावठाणातल्या माणसाला सोपं आहे. तुमच्याकडं ड्रेनेज आहे आधीपासून, जुनं असलं तरी आहे. आमच्या भागात अजून कित्येक नगरांत शोषखड्डे आहेत, पावसाळ्यात गाडी गल्लीच्या तोंडाला लावून चिखलातनं चालत जावं लागतं. आम्हाला कामं जास्त पाहिजेत, कमी नकोत.

साखरपेठकर
दादा तुम्हाला पाहिजे ते काम कलम ६३ मधलं आहे. तेच तर मी म्हणतोय. तुमच्या ड्रेनेजचा पैसा कुठं गेला तर तो अशा कामात गेला जे कुणी मागितलं नव्हतं. स्मार्ट सिटीचंच घ्या. जानेवारी २०१६ ला पहिल्या वीस शहरांत आपण नववे आलो, मी पण तेव्हा खूष झालो होतो. योजनेप्रमाणे केंद्राचे पाचशे कोटी आणि तेवढेच राज्य आणि महापालिकेचे. त्यासाठी वेगळी कंपनी काढली. रंगभवनजवळचा स्मार्ट रोड झाला, पार्क स्टेडियम झालं, इंद्रभवनची, म्हणजे महापालिकेच्या जुन्या इमारतीची, दुरुस्ती झाली. इंद्रभवन सुंदर झालंय, ते नाकारत नाही. पण शहराचा जो छोटासा मधला तुकडा निवडला त्यात शेळगी नव्हती, विडी कामगारांची वसाहत विडी घरकुल नव्हतं, हद्दवाढीतलं बहुतेक काहीच नव्हतं. ज्याच्याकडं आधीच रस्ता होता त्याला ग्रॅनाइटच्या कडा मिळाल्या.

का झालं असं? कारण अर्धा पैसा दिल्लीहून आला आणि तो कसा खर्चायचा याची चौकट पण तिथंच ठरली. आपल्याच घरपट्टीचे एवढे पैसे असते तर एकजण तरी सभागृहात उठून म्हणाला असता की आधी पाइप घाला.

जुळे_सोलापूर
एकदम एकतर्फी होतंय हे. उजनीची दुसरी पाइपलाइन, ११० किलोमीटर, १७० एमएलडी म्हणजे रोज १७ कोटी लिटर, ती घरपट्टीतनं झाली असती का? स्मार्ट सिटीचाच पैसा त्यात आहे, राज्याचा आहे, एनटीपीसी या वीज कंपनीचा आहे. एवढं मोठं काम शहराच्या ऐपतीत नव्हतंच. वरच्या सरकारनं हात दिला म्हणून झालं. तुमचं लिमिटेड गव्हर्नमेंट घेऊन बसलो असतो तर अजून भीमेवरच्या औज बंधाऱ्याकडं डोळे लावून बसलो असतो.

साखरपेठकर
हे मान्य. खरंच मान्य. पाइपलाइन शहराच्या एकट्याच्या ताकदीबाहेरची होती आणि ती व्हायलाच पाहिजे होती. उलट ती आधी व्हायला पाहिजे होती. पाण्यासाठी उजनीतनं भीमेत पाणी सोडायचं, ते लांबवर नदीच्या वाळूतनं आणि वाटेतल्या मोटारींतनं वाचून बंधाऱ्यात पोचेल तेवढं उपसायचं, ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. शहर पितं त्याच्या कितीतरी पट पाणी धरणातनं जायचं. त्यापुढं पाइप कधीही स्वस्तच होता.

पण लाइन आली म्हणून आता रोज पाणी येतं का? शहरातल्या आतल्या वितरणाच्या लाइनी, टाक्या, झडपा, गळत्या हे सगळं राहिलंय. त्याचं उद्घाटन होत नाही, जमिनीखालच्या पाइपवर कुणाचं नाव लिहिता येत नाही. आणि घरगुती पाणीपट्टी अजून कनेक्शनवर ठोक. दोन माणसांचं घर आणि खाली सर्व्हिसिंग सेंटर चालवणारं घर सारखंच भरतं. मीटर लावा, जेवढं पाणी तेवढं बिल. मी कमी सरकारवाला माणूस, पण याला जास्त पैसे द्यायला तयार आहे कारण यात मला कळतं मी कशाचे देतोय.

घरकुलची_पोरगी
मी सगळं वाचतेय, आता बोलते. माझी आई विड्या वळते. हजार विड्यांवर मजुरी, हात काळे, पाठ गेलेली. आमच्याकडं लाडक्या बहिणीचे १५०० येतात. ते आले की आई आधी किराण्याची उधारी देते. तुम्ही लोक सरकार कमी करा म्हणता तेव्हा आमच्यासारख्यांना वाटतं पहिली कात्री आमच्यावरच येणार. माझ्या धाकट्या भावाच्या सगळ्या लसी महापालिकेच्या दवाखान्यात झाल्या, मी महापालिकेच्या तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकले. खासगीत जायला पैसेच नव्हते. बस बंद पडत गेल्या तेव्हा कामाला जाणाऱ्या बायका रिक्षात कोंबून जायला लागल्या, ते तुमच्या कलम ६६ मध्ये ऐच्छिक असेल, आमच्यासाठी नाही.

टॉवेलवाला
ताई तुमचं म्हणणं मनाला लागलं. माझ्याकडं बी चाळीस बायका हायेत शिलाईला, मला ठाऊक हाय.

साखरपेठकर
ताई, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. दवाखाना आणि शाळा बंधनकारक यादीत आहेत आणि तिथंच राहिल्या पाहिजेत. मी ज्याला कात्री लावा म्हणतो ती कमान आहे, दवाखाना नाही. उलट माझी भीती अशी की कमान आणि दवाखाना एकाच पैशातनं निघतात आणि कमानीचा फोटो चांगला येतो.

१५०० बद्दल बोलतो, राग मानू नका. तुमच्या आईनं ते घ्यावेत, तिचा हक्क तिला मिळालाय. पण राज्याची वही बघा. २०२५-२६ च्या राज्य बजेटात महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर, या एका योजनेला ३६ हजार कोटी, आणि राज्यावरचं कर्ज ९ लाख कोटींच्या पलीकडं. महसुली तूट म्हणजे रोजच्या खर्चासाठी उसने. ज्या घरात किराणा उधारीवर येतो तिथं काय होतं हे आपल्या दोघांनाही माहितीय. राज्य अडचणीत आलं की सगळ्यात आधी काय थांबतं? पगार थांबत नाहीत, योजना मतांमुळं थांबत नाहीत. खालच्या संस्थांची अनुदानं लांबतात, मक्तेदाराची बिलं लांबतात, दवाखान्यातलं औषध संपतं. तुमच्या आईला महिन्याला १५०० मिळाले आणि दवाखान्यात गोळ्या बाहेरनं आणा म्हणाले तर त्यातले किती उरले?

बसबद्दल. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर योजनेतनं बस आल्या, चेसी क्रॅक निघाल्या, डेपोत उभ्या राहिल्या, कोर्टकचेरी झाली. त्यात कुणाच्या खिशाला चटका बसला? स्वतःच्या पैशानं घेणाऱ्यानं गाडीखाली वाकून चेसी बघितली असती. माझं मत असं की मार्ग ठरवून द्या, भाडं ठरवा, आणि आपल्या गावातल्या पोरांना मिनीबस चालवू द्या. बायकांना सकाळी सातला गाडी मिळाल्याशी मतलब, ती कुणाच्या मालकीची याच्याशी नाही.

घरकुलची_पोरगी
मिनीबसवाला गर्दी नसली की फेरी मारणार नाही, हे मी बघितलंय. रात्री आठनंतर कोण येणार विडी घरकुलात? ते लिहून घ्या आधी.

साखरपेठकर
हे बरोबर आहे. रात्रीच्या फेऱ्यांचे पैसे महापालिकेनं उघडपणे, फेरीमागं द्यावेत. बजेटात तशी ओळ दिसली पाहिजे, विडी घरकुल रात्रीच्या फेऱ्या, इतके रुपये. त्या ओळीला मी स्वतः हात वर करीन.

जुळे_सोलापूर
आणि विमान? त्याच्यावर बोला. इतकी वर्षं वाट बघून विमान सुरू झालं.

साखरपेठकर
विमान सुरू झालं याचा आनंद मला पण आहे, होटगी रोडवरनं जाताना मान वर होते. पण राज्यानं सोलापूर-पुणे-मुंबईसाठी एका सीटमागं ३२४० रुपये द्यायचं ठरवलं, वर्षभरासाठी. ताईंच्या आईला महिन्याला १५००. म्हणजे एका माणसाच्या एका फेरीला दोन महिन्यांची लाडकी बहीण. विमानानं जाणारा माणूस स्वतःचं तिकीट काढू शकतो. मी कोणाचा द्वेष करत नाही, आकडे शेजारी ठेवले फक्त. आणि बोरामणीची जमीन विमानतळाला म्हणून घेऊन ठेवलीय ती वेगळीच. शेतकऱ्याच्या ताब्यात असती तर निदान ज्वारी तरी निघाली असती.

निवृत्त_लेखनिक
आता एक कामाची गोष्ट सांगतो, बाकी चर्चा चालू द्या. बजेटचं पुस्तक हातात आलं की लोक खर्चाची पानं उघडतात. आधी जमेची उघडा. प्रत्येक ओळीसमोर तीन-चार रकाने असतात, मागच्या वर्षीचा अंदाज, प्रत्यक्ष जमा, सुधारित अंदाज, पुढचा अंदाज. घरपट्टीच्या ओळीत प्रत्यक्ष जमा आणि पुढचा अंदाज यांच्यात किती फरक आहे ते बघा. जमा फुगवून दाखवली की तेवढ्या खर्चाला मंजुरी घेता येते. कामं निघतात, वर्कऑर्डरी जातात, पैसा येत नाही, मक्तेदारांची देणी चढतात. पुढचं बजेट त्या देण्यांखाली दबून सुरू होतं. माझ्या सगळ्या नोकरीत मी हे बघितलं. आम्ही कारकून लोक पेन्सिलनं खरा आकडा बाजूला लिहून ठेवायचो.

दुसरं, थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती म्हणजे दंड लागतो. बारा हजार थकले तर महिन्याला दोनशे चाळीस, वर्षाला २८८०. मग अभय योजना येते आणि शास्ती माफ होते. ज्यानं वेळेवर भरलं त्याला अशी माफी नाही. वर्षानुवर्षं हे बघून लोक काय शिकणार? थांबायचं, माफी येईल.

टॉवेलवाला
हे मात्र लई खरं. मी एप्रिलातच भरतो आन शेजारचा पाच वर्षं थांबून माफीत भरतो, वर मलाच म्हणतो घाई कशाला केलाव. शास्ती एक टक्का करा पण माफ करू नका कधीच.

शेळगी_९२
यावर माझी सही. आणि ज्या नगरात ड्रेनेज नाही तिथं सुविधेचा आकार बिलात का लावता ते पण विचारा. सेवा पोचली की आकारा. आम्ही आनंदानं देऊ.

साखरपेठकर
दादा ही ओळ मी माझ्या निवेदनात घेतो, तुमच्याच शब्दांत. सेवा पोचली की आकारा.

मी काय करतोय ते सांगतो. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज तयार केलाय. तीन गोष्टी मागितल्यात. मागच्या पाच वर्षांत घरपट्टीचा अंदाज किती आणि प्रत्यक्ष जमा किती. मक्तेदारांची आजची देणी किती. आणि पाणी वितरणाच्या दुरुस्तीवर प्रत्यक्ष खर्च किती, तरतूद नाही, खर्च. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आहे, ती आपल्या प्रभागात बोलवा म्हणून आमच्या चारही नगरसेवकांना पत्र देणार आहे, पक्ष कुठला का असेना.

१८५२ ला नगरपालिका झाली आपली. १९३० साली इंग्रजांचं राज्य असताना हिनं इमारतीवर तिरंगा लावला. तेव्हा वरनं अनुदान येईल का बंद होईल हा विचार करत बसले नव्हते लोक. त्या संस्थेला आज एक व्हॉल्व्ह बदलायला मुंबईच्या हप्त्याकडं बघावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काका, बजेटचं पुस्तक मिळालं की तुम्ही आम्हाला ते रकाने समजावून सांगाल का? रविवारी सकाळी, माझ्याकडंच या सगळे, साखर पेठेत. आईला सांगून ठेवतो, पाण्याचा दिवस असला तर चहा जरा उशिरा होईल.

निवृत्त_लेखनिक
येतो. पेन्सिली घेऊन येतो.

टॉवेलवाला
मी बी येतो. आमच्या लाइनीतले अजून दोघं.

घरकुलची_पोरगी
मी पण येईन, शिफ्ट नसली तर. दवाखान्याची आणि औषधांची पानं मला द्या, त्याचे रकाने मी स्वतः लिहून घेणार आहे.